पेर्काचा पत्ता

“सोड नांगर!”

सुकाणूवरून आजोबांची हाक आली आणि मिकेसने नांगर पाण्यात ढकलला. दोर सरसरत खाली गेला. सेवास्तीने पायात फिन्स चढवल्या, मास्कला आतून थुंकी चोळून तो धुतला आणि दहाव्यांदा म्हणाली, “कारकुनाला आधी मी बघणार! या वर्षी मी!”

“बघ की. तो काय पळून जातोय?” मिकेस म्हणाला. “तुझ्यासारखा तो फक्त उन्हाळ्यात पिरेयसहून येत नाही. इथला कायमचा रहिवासी आहे.”

“मला पाहिलं की शेपूट हलवतो तो.”

“माशाजवळ दुसरं हलवायला असतं काय?”

नोमिकी हसून हसून बाकावरून घसरली. ती सेवास्तीची धाकटी बहीण. नऊ वर्षांची असल्यामुळे तिला पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरायची परवानगी नव्हती. बोटीवर आजोबांच्या शेजारी बसून त्यांना सोबत करायची, एवढंच तिचं काम.

कारकून म्हणजे एक मासा. जातीने पेर्का. फार तर वीतभर. तांबूस अंगावर काळपट उभे पट्टे, पोटाशी एक निळा डाग, आणि तोंडावर कुणीतरी घाईघाईत काहीतरी लिहून ठेवावं तशा बारीक निळ्या-लाल रेघा. त्या रेघांमुळेच मुलांनी त्याला कारकून म्हणायला सुरुवात केली. गेले दोन उन्हाळे सेवास्ती त्याला एकाच खडकाच्या एकाच कपारीत भेटत होती. वर आली की ओल्या हातांनीच ती त्याचं तोंड वहीत काढायची. तोंडावर तशाच रेघा असलेला दुसरा पेर्का तिला अजून दिसला नव्हता.

“बडबड पुरे. चला,” थेमेलिना आत्या म्हणाली. आत्या म्हणजे मिकेसची आई. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरच्या या गावात ती लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवायची. आणि लोकांना त्या खडकापर्यंत न्यायचं काम आजोबांचं. आजोबांनी तरुणपणी पंधरा वर्षं समुद्रातून स्पंज काढले होते. या किनाऱ्याचा तळ त्यांना घरच्या अंगणासारखा पाठ होता.

आत्या, सेवास्ती आणि मिकेस खाली उतरली. पाणी इतकं स्वच्छ होतं, की नांगराचा दोर शेवटपर्यंत दिसत होता. दोराच्या टोकाशी होती वाळू. वाळूच्या पलीकडे समुद्री गवत. गवत हलत होतं. खडक नव्हता. सेवास्ती एका बाजूला पोहून आली, दुसऱ्या बाजूला पोहून आली. कपार नाही, पट्टे नाहीत, कारकून नाही. मिकेसने तिच्याकडे पाहून दोन्ही हात पसरले. आत्याने मात्र अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच. वर चला.

वर आल्यावर आत्या ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, खाली खडक नाही.”

“आहे,” आजोबा म्हणाले.

“नाही, बाबा. मागच्या मंगळवारीही नव्हता. तेव्हा बोटीवर पाहुणे होते म्हणून मी गप्प बसले.”

आजोबांनी किनाऱ्याकडे बोट दाखवलं. “गाढवाच्या कानावर देऊळ आहे. धक्क्याच्या टोकावर पवनचक्की आहे. जागा हीच.”

गाढवाचा कान म्हणजे पाण्याच्या काठावरचा एक उभा सुळका. त्याच्या मागे, टेकडीवर, संत वार्वाराचं छोटंसं पांढरं देऊळ. ते देऊळ सुळक्याच्या टोकावर ठेवल्यासारखं दिसलं, की झाली एक ओळ. दुसऱ्या बाजूला धक्क्याचं टोक आणि पवनचक्की एकामागे एक आली, की दुसरी ओळ. दोन्ही ओळी जिथे एकमेकींना कापतात, तिथे खडक. आजोबांनी हे कागदावर कधी उतरवलं नाही आणि बोटीवर जागा दाखवणारं यंत्र लावून घेतलं नाही. डोळे आहेत तोवर यंत्र कशाला, असं ते म्हणायचे.

आत्या खालच्या आवाजात म्हणाली, “बाबा, आता सुकाणू माझ्याकडे द्या.”

आणि आजोबांनी दिलं! एक शब्द न बोलता उठले आणि पुढे जाऊन नांगराच्या दोराशेजारी बसले.

---

दुपारी जवाचे भिजवलेले टोस्ट, टोमॅटो आणि चीज पुढ्यात होतं. जेवत कुणीच नव्हतं. आत्या आत फोनवर बोलत होती. खिडकी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“स्तामातिस, तू रविवारी येच. मला एकटीला नाही जमत. उद्या पाण्यात कुणाचं काही बरंवाईट झालं तर? … हो. बोट विकून टाकू. त्यांना तू तुझ्याकडे घेऊन जा.”

स्तामातिस म्हणजे सेवास्ती आणि नोमिकीचे बाबा.

“आजोबा आपल्याकडे येणार?” नोमिकीचे डोळे चमकले. “कायमचे?”

“नोमिकी, पिरेयसला आपल्या बाल्कनीतून काय दिसतं?” सेवास्तीने विचारलं.

“समोरची बाल्कनी.”

“आणि तिच्या मागे?”

नोमिकीने थोडा विचार केला. “तिची भिंत,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

सेवास्ती उठून ओट्यावर गेली. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यासमोर टेबलावर कॉफीचे दोन पेले होते. एक भरलेला, एक रिकामा. नोव्हेंबरात कालोतिना आजी गेली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. आजोबा दोन पेले मांडायचे. मग एकाकडे बघत बसायचे.

“आजोबा, तुम्ही आत्याला काही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? पोर खरं बोलते. हल्ली मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि कशाला आलो तेच आठवत नाही. दोन पेले मांडतो. खडक हरवला तर त्यात नवल काय?”

“दोन पेले मांडणं म्हणजे विसरणं नव्हे,” सेवास्ती म्हणाली. “तुम्ही विसरत नाही म्हणून तर मांडता!”

आजोबांनी तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

---

संध्याकाळी तिन्ही मुलं धक्क्यावर पाय सोडून बसली होती.

“माझं एक म्हणणं आहे,” नोमिकी म्हणाली.

“तुझं नेहमीच असतं,” मिकेस म्हणाला.

“ऐक ना रे! मी आजोबांच्या शेजारी बसले होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. पांढरं देऊळ बरोब्बर गाढवाच्या कानावर होतं. आणि चक्कीसुद्धा धक्क्याच्या टोकावर होती. आजोबांचं काहीच चुकलं नाही.”

“मग काय खडक चालत गेला?”

“कदाचित कारकूनच घर बदलून गेला असेल.”

“पेर्का घर सोडत नाही!” सेवास्ती ठामपणे म्हणाली. “तो आपल्या कपारीजवळ दुसऱ्या पेर्काला उभा करत नाही. बाहेरचा कुणी आला की बाहेर येऊन त्याच्याकडे रोखून बघतो, पण जागा सोडत नाही. तो आहे तिथेच आहे. खडकही आहे तिथेच. पत्ता आपला चुकलाय.”

“सुळका हलला नाही. धक्का हलला नाही. चक्की हलली नाही,” मिकेसने एकेक बोट दुमडलं. “मग उरलं काय? देऊळ? म्हणजे संत वार्वारा रात्रीत देऊळ डोक्यावर घेऊन फिरायला गेली!”

तिघंही हसली. मग तिघांनी एकदम वर टेकडीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

“आपल्यातलं शेवटचं वर देवळापाशी कोण गेलं होतं?” सेवास्तीने विचारलं.

“मी दोन वर्षांत गेलो नाही,” मिकेस म्हणाला. “आजीच जायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं टेकडी चढली. चढताना चपला घसरत होत्या आणि पायांना काटे ओरबाडत होते. वर पोचल्यावर पांढरं देऊळ समोरच होतं. उन्हात डोळे दिपतील इतकं पांढरं. निळं दार, दाराशेजारी संगमरवरी पाटी. मिकेसने पाटी मोठ्याने वाचली. “संत फानूरिओस. नवस फेडला स्केवोस यांनी, डार्विन, ऑस्ट्रेलिया!”

“हे संत वार्वाराचं नाहीच!” नोमिकी किंचाळली.

“अरे हो! ऑस्ट्रेलियाहून परत आलेल्या स्केवोसकाकांचं नवं देऊळ!” मिकेस म्हणाला. “ जुलैत खाली गावच्या चौकात जेवण होतं त्याचं. अख्खं गाव जेवून आलं. आजोबा तेवढे गेले नव्हते, आजीचं वर्षभराचं सुतक चालू होतं म्हणून.”

“मग आपलं कुठे गेलं?”

ते शंभरेक पावलांवर होतं. तिथेच, जिथे नेहमी असायचं. पण हिवाळ्याच्या पावसाने त्याचा वरचा चुना धुऊन नेला होता. उरलेल्यावर धूळ बसली होती. ते टेकडीच्याच रंगाचं झालं होतं. जवळ गेल्याशिवाय ते देऊळ आहे हेसुद्धा कळत नव्हतं. खालून समुद्रातून तर मुळीच कळलं नसतं.

सेवास्ती पायरीवर बसली. खाली गाढवाचा कान दिसत होता आणि त्याच्या पुढे सगळा निळा समुद्र.

“आजोबांना खालून एकच पांढरा ठिपका दिसला,” ती हळूच म्हणाली. “चाळीस वर्षं एकच होता. मग त्यांनी तोच धरला.”

“आणि संत फानूरिओस कोण, ठाऊक आहे ना?” मिकेसने कपाळावर हात मारला. “हरवलेलं शोधून देणारा! त्याच्याच देवळाने आपला खडक हरवला!”

---

आता प्रश्न एकच उरला. देवळाला चुना लावायचं कोण विसरलं? दर वर्षी ईस्टरच्या आधी आजी तो लावायची.

“या वर्षी?” थेमेलिना आत्या टाक्या भरता भरता म्हणाली. “शेजारच्या सेमिनाने लावला असेल. तिने मला तसं म्हटलं होतं, बहुतेक.”

“मी?” सेमिनामावशी म्हणाली. “अगं, मला वाटलं पाद्रीबाबांनी माणूस पाठवला असेल.”

“मी स्केवोसच्या गवंड्यांना सांगितलं होतं,” पाद्रीबाबा दाढी खाजवत म्हणाले. “म्हणालो होतो, देवळाला नीट तीन हात द्या.”

“दिले की तीन हात!” स्केवोसकाका छाती फुगवून म्हणाले. “दूध फिकं पडेल असे!”

“कोणत्या देवळाला, काका?”

“माझ्या! म्हणजे… संत…” स्केवोसकाका थांबले. त्यांनी टोपी काढली. “अरेच्चा.”

सेवास्तीने त्यांना सगळं सांगितलं. ते एरवी कुणालाही बोलू न देणारे गृहस्थ. पण या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“चुना आहे का, काका?”

“अर्धी बादली उरलाय. दोन ब्रश देतो. आणि हे बघा, मीच सांगतो तुझ्या आत्याला, माझ्यामुळे…”

“नको!” सेवास्ती म्हणाली. “आत्ता कुणालाच नको. सांगितलं तर म्हणतील, मुलं आजोबांना सावरून घेतायत. आणि आजोबांना वाटेल, आपल्याला खुणासुद्धा आता नातवंडांनी दाखवाव्या लागतात. त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे.”

“आणि नाही दिसलं तर?”

सेवास्तीने बादली उचलली.

शनिवारी दिवसभर तिघं टेकडीवर होती. चुना कालवताना मिकेसचे हात, नोमिकीचे केस आणि एक वाट चुकलेली शेळी अशी सगळी पांढरी झाली. समुद्राकडची भिंत झाली, वरचा घुमट झाला आणि बादली संपली.

---

रविवारी दुपारच्या बोटीने बाबा आले. त्यांनी आजोबांना मिठी मारली आणि ती बराच वेळ सोडली नाही. मग म्हणाले, “बाबा, तुमच्यासाठी खोली तयार केली आहे.”

“बरं,” आजोबा म्हणाले.

“बाबा,” सेवास्ती वडिलांना म्हणाली, “आपण सगळे एकदा खडकावर जाऊ. सुकाणू आजोबांकडे. एकदाच. फक्त एकदा!”

“नको गं,” आजोबाच म्हणाले. “माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही.”

“माझा आहे ना!”

आत्याने भावाकडे पाहिलं. बाबांनी खांदे उडवले. “चला. शेवटचं म्हणून चला.”

बोट निघाली. आजोबा सुकाणूवर होते, पण पाहुण्यासारखे अवघडून. सेवास्तीची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. त्यांना दुसरा ठिपका दिसलाच नाही तर? दिसला आणि तरी त्यांनी चुकीचाच धरला तर? मग बाल्कनी ठरलेली, आणि तिच्यामुळेच.

धक्क्याचं टोक आणि चक्की ओळीत आली. आजोबांनी टेकडीकडे पाहिलं. नवं देऊळ सुळक्याच्या टोकावर आलं. त्यांचा हात इंजिनाकडे गेला.

आणि तिथेच थांबला.

त्यांनी डोळे बारीक केले. डाव्या हाताने ऊन अडवलं. नोमिकीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

“दोन आहेत,” आजोबा म्हणाले.

“काय दोन आहेत, बाबा?” आत्याने विचारलं.

“देवळं. हे इकडचं मी ओळखत नाही.” ते सावकाश बोलत होते. “माझं ते डावीकडचं. कुठे होतं हे इतके दिवस?”

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांची पाठ सरळ झाली. बोट उजवीकडे वळली. डावीकडचा पांढरा ठिपका हळूहळू सरकत आला, सरकत आला आणि गाढवाच्या कानावर जाऊन बसला.

“मिकेस! सोड नांगर! झोपलास काय?”

नांगर खाली गेला. दोराला एक जोरदार हिसका बसला. आठ मीटरवर. दगडावर!

सेवास्ती, मिकेस आणि आत्या खाली गेली. खडक समोर उभा होता, मोठा, काळा, जणू त्याला या सगळ्या भानगडीची काही खबरच नव्हती. सेवास्ती कपारीजवळ जाऊन थांबली. हात स्थिर ठेवले. श्वास हळू केला. बुडबुडे वर जात राहिले.

कपारीच्या अंधारातून आधी तोंड आलं. मग पट्टे, एकेक करून. मग पोटाचा निळा डाग. पेर्का वीतभर बाहेर आला आणि तिच्या मास्ककडे रोखून पाहू लागला. त्याच्या डाव्या डोळ्याखालची रेघ मध्येच दुभंगली होती. वहीत सेवास्तीने ती दोन वर्षं काढली होती. तिने आत्याचा हात धरून तो त्या रेघेकडे वळवला. आत्या पाहत राहिली. मग तिने सेवास्तीचा हात घट्ट दाबला आणि बराच वेळ सोडला नाही.

वर आल्याबरोबर आत्या बोटीच्या कडेला लटकूनच म्हणाली, “बाबा, खडक इथेच आहे. चूक आमची. तुमची खूण आम्ही पुसली आणि तुम्हालाच दोष दिला.”

मग नोमिकीने, दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. स्केवोसकाका, पाद्रीबाबा, शेळी, सगळं.

बाबांनी तिघांकडे पाहिलं. मग म्हणाले, “आम्ही मोठी माणसं फोनवर बोलत बसलो. आणि टेकडी चढून बघितलं कुणी, तर या तिघांनी! शाबास रे पोरांनो.” ते आजोबांकडे वळले. “ती खोली मी पुस्तकांसाठी ठेवतो. पण यंत्र लावून घ्या, बाबा. सुकाणू तुमच्याकडेच राहू दे.”

“यंत्र लाव हवं तर,” आजोबा म्हणाले. “त्याला शिकवीन मी खुणा.”

सगळे हसले. मग आजोबांनी मुलांना विचारलं, “चारही बाजू रंगवल्यात ना?”

मिकेस बोटीच्या फळ्यांकडे बघू लागला.

“फक्त समुद्राकडची,” सेवास्ती म्हणाली. “चुना संपला.”

“अर्धवट काम! संताच्या देवळाचं! तुमच्या आजीने पाहिलं असतं तर कान धरले असते. उद्या मी येतो वर.”

“तुमचे गुडघे, बाबा!” आत्या म्हणाली.

“माझे गुडघे माझ्याबरोबर येतील.”

---

आणि ते खरंच आले. सोमवारी सकाळी, एक हात सेवास्तीच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात काठी, दर वीस पावलांवर थांबत. मिकेस आणि नोमिकी स्केवोसकाकांनी दिलेली नवी चुन्याची बादली घेऊन मागे.

आजोबा देवळाच्या मागे गेले. मागची भिंत नुसत्या दगडांची होती. त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला. दगडांच्या फटींत शेवाळ होतं, मुंग्यांचं घर होतं. चुना कुठेच नव्हता. धुऊन गेलेला नव्हे, कधी लागलेलाच नव्हता. बाजूच्या भिंतीही तशाच.

ते पुढे आले. समुद्राकडच्या भिंतीच्या कोपऱ्यावर त्यांनी नख लावलं. एक पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. चुन्याचा थर बोटभर जाड होता. एकावर एक बसलेली कितीतरी वर्षं होती ती.

आजोबा पायरीवर बसले. समोर गाढवाचा कान होता आणि त्याच्या पुढे पाणी.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “ती संतासाठी रंगवते.”

खाली एक बोट बंदराकडे चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत आजोबा पाहत राहिले.

मग नोमिकीने हळूच विचारलं, “आजोबा, मागची बाजू रंगवायची ना आता?”

“नको,” आजोबा म्हणाले आणि ब्रशसाठी हात पुढे केला. “पुढच्या बाजूलाच अजून एक हात देऊ.”